पुण्यात बिऱ्हाड हलवताय? कोथरूड, वाकड-हिंजवडी, खराडी की निगडी-प्राधिकरण

लातूर असो, जळगाव असो की कोल्हापूर, पुण्यात बिऱ्हाड हलवायचं ठरलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ऑफिसजवळ घर बघा. एकट्या मुलाला किंवा नव्या जोडप्याला तो सल्ला चालून जातो. पण घरात शाळेत जाणारी मुलं आणि सत्तरीकडे झुकलेले आई-वडील असतील तर मला तो पटत नाही. नोकरी करणारा माणूस कंपनी बदलतो, आठवड्यातले काही दिवस घरून काम करतो, कधी कंपनीच ऑफिस दुसरीकडे नेते. मुलांची शाळा मात्र दहावीपर्यंत तीच राहावी असं आपल्याला वाटतं, आणि आई-वडिलांचा तर अख्खा दिवस त्याच वस्तीत जाणार असतो. म्हणून आधी या दोघांचा दिवस कसा जाईल ते बघायचं, आणि मग ऑफिसचा रस्ता सोसण्यासारखा आहे का ते पडताळायचं, असं माझं मत आहे.

बाहेरून येणाऱ्या कुटुंबापुढे बहुतेक वेळा चार भाग येतात. कोथरूड हा पश्चिमेकडचा जुना, मराठी, मध्यमवर्गीय भाग. वाकड-हिंजवडी म्हणजे राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या आधाराने वाढलेले टॉवर. खराडी म्हणजे पूर्वेकडचं ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर, आणि त्यांना चिकटून नगर रस्त्याने वाघोलीपर्यंत गेलेली वस्ती. निगडी-प्राधिकरण हा १९७२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने सेक्टर पाडून वसवलेला भाग. या यादीत सर्वात कमी नाव निघतं ते शेवटच्या भागाचं, आणि ते मला खटकतं.

ऑफिसचा रस्ता

रस्त्यांवरच्या रहदारीची आकडेवारी ठेवणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या जागतिक यादीत पुणे सर्वात संथ शहरांत चौथं होतं: १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. त्यामुळे नकाशावरचं अंतर बघून निर्णय घेऊ नका. वाकडहून हिंजवडी फेज एक, म्हणजे इन्फोटेक पार्कचा पहिला टप्पा, अगदी जवळ दिसतं. प्रत्यक्षात सकाळी साडेआठला भूमकर चौकात महामार्गाखालून जाणाऱ्या रस्त्याशी थोडा वेळ उभे राहा. शाळेच्या बस, कंपनीच्या बस, पाण्याचे टँकर, सिमेंटचे मिक्सर आणि फूटपाथवर चढलेल्या दुचाकी, सगळं एकाच तोंडाशी येतं. पाऊस असेल तर आणखी वाईट. फेज तीनला जायचं असेल तर ‘वाकड जवळ आहे’ हे म्हणणं बरंचसं गळून पडतं.

निगडीहून रावेत-पुनावळे-ताथवडेमार्गे हिंजवडी दहा-बारा किलोमीटर आहे. कोथरूडहून चांदणी चौकातून महामार्ग धरला तर पंधराच्या पुढे. चांदणी चौकातला नवा पूल २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि तिथली जुनी कोंडी बरीच सैलावली. पुढे बाणेर-वाकडच्या पट्ट्यात गर्दी लागतेच. कोथरूडहून खराडीला जायचं तर गाडीपेक्षा मेट्रो बरी. कोथरूडमधलं वनाज ते रामवाडी ही मार्गिका २०२४ च्या मार्चपासून पूर्ण धावते आणि गाडी बदलावी लागत नाही. रामवाडीहून खराडीला मात्र रिक्षा किंवा पीएमपीची (शहराची) बस धरावी लागते, तो वेळ हिशोबात घ्या.

मेट्रोबद्दल एक कळकळीची विनंती. हिंजवडी-शिवाजीनगर ही सुमारे २३ किलोमीटरची मार्गिका कित्येक वर्षं घरांच्या जाहिरातींत धावते आहे, आणि तिच्या तारखा वारंवार पुढे गेल्या. पिंपरीतल्या पीसीएमसी मेट्रो स्थानकापासून निगडीपर्यंतच्या वाढीव मार्गाचंही नाव जाहिरातींत असंच घेतलं जातं. भाड्याचं घर निवडताना आज ज्या गाडीत बसता येतं तेवढीच धरा. निगडीकरांना आज आकुर्डी स्थानकावरून पुणे-लोणावळा लोकल आहे. फेऱ्या कमी, पण शिवाजीनगरला जाणाऱ्याला उपयोगाची.

पाणी

घर बघायला जाताना लोक हॉलची लांबी-रुंदी बघतात, बाल्कनीतून काय दिसतं ते बघतात, मॉड्युलर किचन उघडून बघतात. पाण्याबद्दल विचारलं की ब्रोकर म्हणतो, ‘चोवीस तास आहे.’ नळाला चोवीस तास पाणी असू शकतं आणि ते सगळं टँकरचं असू शकतं. माझ्या मते पुण्यातल्या घराचा निम्मा निर्णय या एका गोष्टीवर व्हायला हवा.

कोथरूडच्या जुन्या भागाला खडकवासला धरणसाखळीचं महापालिकेचं पाणी मिळतं. देखभालीसाठी एखाद्या गुरुवारी ते बंद असतं, आदल्या दिवशी पेपरात बातमी येते, बायका बुधवारीच पिंप भरून ठेवतात. गैरसोय आहे, पण तिचा अंदाज बांधता येतो. निगडी आणि वाकड दोन्ही पिंपरी-चिंचवड महापालिकेत, पाणी पवना धरणाचं. तिथे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दिवसाआड पुरवठा सुरू झाला तो पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला. सोसायटीची टाकी मोठी असेल तर हे जाणवतही नाही. पण वाकड-पुनावळे-रावेतमध्ये टॉवर इतक्या वेगाने उभे राहिले की नळाचं पाणी पुरत नाही आणि उरलेली भर बोअर व टँकरने पडते. निगडी-प्राधिकरणात वस्ती जुनी आणि विरळ असल्याने हा ताण कमी दिसतो.

हिंजवडी, माण, मारुंजी या गावांची गोष्ट वेगळी. तिथे वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचाच कारभार राहिला. महापालिकेत घ्या ही मागणी जुनी आहे. इमारत वीस मजली आणि ड्रेनेज, कचरा, पाणी गावाच्या ताकदीवर, अशी ओढाताण. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण महापालिकेत येणं आणि महापालिकेचं पाणी येणं यांत बरीच वर्षं जाऊ शकतात. खराडीच्या जुन्या भागाला २०२१ पासून भामा-आसखेड धरणाचं पाणी मिळू लागलं, त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या सोसायट्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. शहराच्या कडेच्या बांधकामांना परवानगी देताना बिल्डरकडून ‘पाण्याची सोय मी करीन’ असं हमीपत्र घेतलं जातं. बिल्डर काम संपवून जातो आणि टँकरचं बिल सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येतं.

हा नुसता खर्चाचा प्रश्न नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा विहिरी, टँकर, आरओ प्रकल्प या सगळ्यांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं गेलं. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर पाणी कुठून येतं हे विचारायला लाजू नका.

विचारायचं कोणाला? ब्रोकरला नको, मालकालाही नको. सकाळी साडेसहा-सातला सोसायटीच्या फाटकाशी जा आणि वॉचमनला विचारा, ‘दादा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात?’ तो खरं सांगतो, कारण फाटकावरच्या वहीत टँकरची नोंद तोच करतो. जमलं तर ती वही बघा.

शाळा

इथे कोथरूड आणि निगडी-चिंचवड सरळ पुढे आहेत, विशेषतः मूल मराठी किंवा सेमी इंग्रजी माध्यमातून येणार असेल तर. कोथरूडमध्ये मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी या परिसरात चालत जाण्यासारख्या अंतरावर मराठी माध्यमाच्या जुन्या शाळा आहेत. निगडीत ज्ञानप्रबोधिनी आहे. वाकड आणि खराडीत बहुतेक शाळा सीबीएसई किंवा आयसीएसई आणि पूर्ण इंग्रजी. २०२० च्या कायद्यामुळे मराठी विषय सगळ्यांना सक्तीचा आहे, पण एक विषय मराठीत असणं आणि गणित-विज्ञानाच्या तासाला शंका मराठीत विचारता येणं यात फार अंतर आहे. पाचवी-सहावीत जिल्हा परिषदेच्या किंवा गावच्या मराठी शाळेतून आलेलं हुशार मूल अचानक वर्गात गप्प होतं, तेव्हा आई-वडिलांना वाटतं अभ्यास कमी पडतोय. त्याला वेळ आणि ओळखीची भाषा हवी असते. ही संधी त्याला देता येत असेल तर अवश्य द्यावी.

मूल आधीपासूनच सीबीएसईत असेल तर गणित उलटं होतं: वाकड-खराडीत पर्याय जास्त. मात्र त्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि राज्य मंडळाच्या जूनमध्ये. मे महिन्यात बदली झाली तर सीबीएसईचं मूल अर्ध्या वाटेवरून वर्गात शिरतं. अकरावीचं मूल असेल तर २०२५ पासून प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात, म्हणजे गावी बसून पुण्याच्या कॉलेजचा पसंतीक्रम भरता येतो. घर त्यानंतर ठरवलं तरी चालेल.

आई-वडिलांचा दिवस

खाली उतरल्यावर काय आहे, हा प्रश्न. कोथरूडमध्ये उतरलं की भाजीवाला, किराणा, औषधाचं दुकान, बँक, देऊळ, ज्येष्ठ नागरिक संघ, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, थोरात उद्यान. ओळखी व्हायला महिनाही लागत नाही. फक्त एक मोठी मेख आहे: जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नसते. गुडघे दुखणाऱ्या आईला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं तर हे सगळं खिडकीतून बघायला उरतं. शिवाय कोथरूडमध्ये पुनर्विकासाची लाट आहे. सोसायटीचा पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, हे करार करण्याआधी सेक्रेटरीला विचारा, नाहीतर शाळेच्या ऐन मध्यावर घर खाली करावं लागेल. शेजारी पाडकाम चालू असेल तर धूळही सोसावी लागते.

निगडी-प्राधिकरणात रस्ते रुंद, झाडं मोठी, बागा भरपूर, सकाळी दुर्गा टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांची गर्दी. दुकानं कोथरूडइतकी पायाशी नाहीत, पण फूटपाथवरून चालता येतं, आणि सत्तरीच्या माणसाला आणखी काय हवं असतं?

वाकड आणि खराडीचे टॉवर आतून चांगले आहेत हे मोकळेपणाने सांगायला हवं. लिफ्ट, जनरेटर, खाली सुरक्षित खेळायची जागा, संध्याकाळी पंचवीस-तीस मुलांचा घोळका. देशभरातून आलेली कुटुंबं असतात, त्यामुळे नव्याला परकं वाटत नाही. अडचण फाटकाबाहेर सुरू होते. रस्ता ओलांडायला सिग्नल नाही, फूटपाथ मध्येच संपतो, भाजी ॲपवरून येते. आई-वडिलांना हिंदी बोलायची सवय नसेल तर त्यांच्या गप्पा सोसायटीतल्या मोजक्या मराठी घरांपुरत्या राहतात.

भाडं आणि करार

चारांत निगडी सर्वसाधारणपणे स्वस्त, खराडीच्या नव्या सोसायट्या सर्वात महाग, वाकड मध्ये. कोथरूडमध्ये जुनी इमारत परवडते, लिफ्ट-पार्किंगवाली नवी परवडेलच असं नाही. मेंटेनन्स भाड्यात धरला आहे का, हे लेखी घ्या. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला भाड्याचा करार, नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. ‘नोटरी करून घेऊ’ म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही म्हणा. पहिल्या वर्षी फ्लॅट विकत घेऊ नका. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या वस्तीत काढल्याशिवाय तिची खरी ओळख होत नाही.

गावाकडचा रस्ता

हा मुद्दा कुठल्याच जाहिरातीत नसतो, पण पुण्यात आलेली माणसं वर्षानुवर्षं तो पाळत आली आहेत. सोलापूर, धाराशिव, लातूरची कुटुंबं हडपसरकडे, नगर-संभाजीनगर आणि विदर्भाकडची नगर रस्त्याला. गावी वडील आजारी पडले आणि रात्री निघावं लागलं तर शहर ओलांडण्यात तासभर जात नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडच्यांना कोथरूड बरं, कारण चांदणी चौकातून थेट बंगळूर महामार्ग लागतो. नाशिककडच्यांना निगडी-भोसरीची बाजू सोयीची.

मग कुठे?

ऑफिस हिंजवडीत, मुलं शाळेत, आई-वडील सोबत: निगडी-प्राधिकरण, लिफ्ट असलेली इमारत बघून. आठवड्यात दोन-तीनच दिवस ऑफिस असेल तर कोथरूड, आणि मूल मराठी माध्यमाचं असेल तर नक्कीच कोथरूड.

ऑफिस खराडीत असेल तर खराडीच्या टोकाला किंवा वाघोलीला घाईने जाऊ नका. वडगाव शेरी, विमाननगर बघा, किंवा सोलापूरकडचे असाल तर हडपसर-मगरपट्टा.

दोघंही नोकरीला, मूल तीन-चार वर्षांचं आणि आई-वडील गावीच राहणार असतील, तर माझं मत बदलतं. तेव्हा वाकड किंवा खराडीचा टॉवरच घ्या. सोसायटीतच पाळणाघर मिळतं आणि संध्याकाळी सातच्या आत दोघांपैकी एक जण घरी पोहोचणं हेच त्या वयाच्या मुलासाठी सर्वात मोलाचं. फक्त हिंजवडी-माणच्या बाजूला जाण्याआधी ती टँकरची वही बघा, आणि करारात लॉक-इनचा (ज्यात घर सोडता येत नाही तो) काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, म्हणजे पाण्याने किंवा रस्त्याने हात टेकले तर डिपॉझिट न गमावता घर बदलता येईल.