पुढची सायकल गोळ्यांची, इंजेक्शनांची की गोठवलेल्या भ्रूणाची?

मूल व्हावं म्हणून घेतलेल्या उपचारांच्या दोन-तीन सायकली, म्हणजे फेऱ्या, वाया गेल्या की पुढचा निर्णय घेताना हात थबकतो. इतकी हार्मोन्स पुन्हा पुन्हा घेऊन आतलं काही कायमचं बिघडणार तर नाही ना? किती सायकली झाल्या, एवढ्यावर याचं उत्तर ठरत नाही. कुठलं औषध घेताय आणि ते अंडाशयावर जास्त काम करतं की गर्भाशयाच्या अस्तरावर, हे आधी पाहावं लागतं.

सर्वांत मोठी भीती बीजं संपण्याची, म्हणून ती आधी घेते. आयव्हीएफमध्ये (बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करण्याच्या उपचारात) एका वेळी पंधरा बीजं काढली तर पुढच्या पंधरा महिन्यांची शिदोरी संपली, असं अनेकींना वाटतं. तसं होत नाही. दर महिन्याला छोट्या फॉलिकल्सचा, म्हणजे बीज असलेल्या पिशव्यांचा, एक गट पुढे येतो, त्यातलं साधारण एक वाढतं आणि बाकीची विरून जातात. एफएसएच या फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन या विरून जाणाऱ्यांनाच वाढवतं. खालच्या राखीव साठ्यातली फॉलिकल्स त्या टप्प्यावर एफएसएचला दादच देत नाहीत. त्यामुळे उपचारांनी पाळी लवकर जाते, या समजाला आधार नाही. उंदरांना लागोपाठ उत्तेजन दिल्यावर बीजांची प्रत घसरलेली दिसली आहे, हे खरं. पण उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. तो निष्कर्ष जसाच्या तसा बाईला लावू नये.

आता गोळ्या. क्लोमिफीन आणि लेट्रोझोल दोन्ही पाच-पाच दिवस घ्यायच्या, दोन्हींनी बीज फुटतं, म्हणून त्या सारख्याच वाटतात. अस्तराच्या बाबतीत मात्र फरक मोठा आहे. क्लोमिफीन इस्ट्रोजेनचा मार्ग अडवतं, आणि त्याचा एक घटक शरीरात काही आठवडे रेंगाळतो. परिणामी फॉलिकल १८-२० मिलिमीटरचं छान वाढलेलं दिसतं, पण सोनोग्राफीत अस्तर सहा मिलिमीटरवरच अडकलेलं असतं. चांगल्या अस्तराचं तीन रेषांचं ठसठशीत चित्र दिसत नाही, गर्भाशयमुखाचा स्रावही कमी होतो. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणंच काही दिवस कमी करतं आणि लवकर शरीराबाहेर जातं, त्यामुळे बीज फुटण्याच्या सुमारास अस्तर सावरलेलं असतं. पीसीओएस (बीज नियमित न फुटण्याचा हार्मोनचा विकार) असलेल्या ७५० स्त्रियांवरच्या २०१४च्या अमेरिकी चाचणीत लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफीनवर १९.१ टक्के. बीज वेळेवर फुटत नसेल तर माझा कौल सरळ लेट्रोझोलला. क्लोमिफीनवर एकदा अस्तर पातळ राहिलं असेल तर तेच औषध डोस वाढवून पुन्हा घेण्यात मला अर्थ दिसत नाही. एकूण सहाच्या आसपास सायकलींनंतर ते थांबवावं, असं औषधाच्या माहितीपत्रकातही असतं.

इंजेक्शनांचं ओझं वेगळं. इथे अंडाशय खरोखर फुगतात. एरवी तीन सेंटिमीटरच्या अंडाशयात दहा-पंधरा मोठी फॉलिकल्स एकमेकांना दाबत बसलेली असतात. फुगलेलं अंडाशय क्वचित पीळही खातं. त्यावर एचसीजीचा ट्रिगर (बीज पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) पडला की काही जणींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साठतं, यालाच ओएचएसएस म्हणतात. पोट ताणलं, लघवी कमी झाली, वजन दिवसात किलोभर वाढलं किंवा दम लागला तर सकाळची वाट पाहू नका. पीसीओएस किंवा जास्त एएमएच (बीजांचा साठा दाखवणारं हार्मोन) असेल तर अँटॅगोनिस्ट पद्धत (बीज वेळेआधी फुटू न देणारं इंजेक्शन), एचसीजीऐवजी ॲगोनिस्ट ट्रिगर आणि सगळे भ्रूण गोठवणं हा सुरक्षित मार्ग. त्याने अस्तराचाही फायदा होतो, कारण चढलेल्या हार्मोन्समुळे त्याची वेळ भ्रूणाच्या वेळेपासून सरकू शकते. सूज मात्र तात्पुरती असते, बहुतेक वेळा पाळी येऊन गेल्यावर अंडाशय पूर्वपदावर येतात.

म्हणूनच भ्रूण शिल्लक असतील तर नव्याने इंजेक्शनं सुरू करण्याआधी ते वापरावेत. त्यातही पाळी नियमित असेल तर नैसर्गिक सायकलमधल्या ट्रान्सफरबद्दल (भ्रूण गर्भाशयात सोडण्याबद्दल) आवर्जून विचारा. पूर्ण गोळ्यांवर तयार केलेल्या सायकलमध्ये बीज फुटत नाही, कॉर्पस ल्युटियम (बीज फुटल्यावर तिथे बनणारी हार्मोन देणारी गाठ) बनत नाही, आणि अशा गर्भारपणात रक्तदाबाचा त्रास, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, जास्त आढळतो. पाळीच अनियमित असेल तर हा पर्याय अवघड, तेव्हा लेट्रोझोल देऊन बीज फुटवून ट्रान्सफर करता येतं.

कॅन्सरचं काय? नेदरलँड्समध्ये २५,१०८ स्त्रियांचा साधारण २१ वर्षं पाठपुरावा झाला. त्यात आयव्हीएफ घेतलेल्यांना स्तनाचा कॅन्सर जास्त झाला नाही. अंडाशयाच्या बॉर्डरलाइन (साधी आणि कॅन्सरची यांच्या मधल्या) गाठी काही अभ्यासांत थोड्या जास्त दिसल्या, पण मूल न होण्याचं मूळ कारण आणि औषध यांचा वाटा वेगळा काढणं कठीण जातं. स्तनाचा हार्मोनवर वाढणारा कॅन्सर होऊन गेला असेल, तर बीज गोठवताना इंजेक्शनांसोबत लेट्रोझोल देऊन इस्ट्रोजेन खाली ठेवतात. तो निर्णय कॅन्सरतज्ज्ञाला सोबत घेऊनच करा. पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव होत असेल किंवा अंडाशयातली गाठ पाळीनंतरही तशीच असेल, तर त्याचं कारण कळेपर्यंत पुढची सायकल सुरू करू नका.