गुऱ्हाळाच्या चिमणीची दुरुस्ती: एक हंगाम चालवून बघितल्यावर

४८ हजार, १ लाख ८५ हजार आणि १ लाख १८ हजार. चिमणी एकच, आठवडा एकच, आणि तीन ठेकेदारांचे हे तीन आकडे. गणपती नुकतेच बसले होते, दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघणार होते आणि आमचं धुराडं वरच्या अंगाला कललेलं. आता हंगाम संपलाय, चुलवाण, म्हणजे गुळाची भट्टी, थंड पडलंय. कुठलं एस्टिमेट खरं होतं ते त्या वेळेपेक्षा आत्ता जास्त कळतंय, म्हणून सवडीनं लिहितोय.

आमचं गुऱ्हाळ कोल्हापूर शहराच्या पश्चिमेला, पंचगंगेच्या पूरपट्ट्यात. चिमणी आजोबांच्या हातची, २६ फूट उंच, चौकोनी, जुन्या विटांची आणि बरीचशी मातीच्या गाऱ्यातली. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४३ फूट, यावरून अंदाज करा. दोन्ही वेळा चिमणीचा बुडखा कितीतरी दिवस पाण्यात उभा होता. दर्जांमधली, म्हणजे विटांच्या सांध्यांमधली, माती तेव्हाच निघून गेली असणार, पण बाहेरून चुना मारलेला, त्यामुळं आम्हाला पत्ता नाही. गेल्या दोन हंगामांत मात्र धूर चुलव्याच्या, म्हणजे जाळ घालणाऱ्याच्या, तोंडावर यायला लागला. अडीच तासांत उतरणारं आधण (एका वेळी कढवायचा रस) साडेतीन तास घ्यायचं. चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) पुरेना, लाकूड विकत आणावं लागलं. रस जास्त वेळ काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, कढला की गुळाचा रंग मरतो, आणि सौद्यात व्यापारी पहिल्यांदा रंगच बघतो. म्हणजे चिमणीचं दुखणं थेट विक्रीच्या पट्टीवर उतरत होतं.

पहिला ठेकेदार आला, गाडीतून उतरला, खालूनच वर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी १ लाख ८५ हजारांचा छापील कागद पाठवला. कागद दिसायला झकास. दुसरा ४८ हजारवाला. त्याचं म्हणणं, भेगा सिमेंटनं भरू, बाहेरून कडक गिलावा मारू, काम खल्लास. तिसरा गवंडीकामातूनच वर आलेला, वय झालेलं. त्यानं आधी ओळंबा (भिंत सरळ आहे का बघायचं दोरीचं वजन) मागितला. वरचे आठ फूट साडेतीन इंच बाहेर गेले होते. मग हातोडीच्या दांड्यानं बुडापासून ठोकत आला. कुठं खणखणीत वाजायचं, कुठं बद्द. बद्द वाजेल तिथं आतून पोकळ, तिथं खडूनं फुली. त्या फुल्या मी नंतर मोजल्या, ३१ होत्या.

जाताना त्यानं एक गोष्ट शिकवली. चुलवाणात थोडं चिपाड पेटवलं आणि माझ्या हातात उदबत्ती देऊन म्हणाला, "मालक, भेगंजवळ धरा." उदबत्तीचा धूर सरळ वर न जाता भेगेतून आत ओढला गेला. "बघा, बाहेरची गार हवा आत शिरतीया. आतला धूर गार पडतोय, मग तो वर कशाला पळंल?" चिमणीची ओढ असते ती आतल्या तापलेल्या, हलक्या धुरामुळं. वाटेत गार हवा मिसळली की ओढ गेली. हे एवढं समजल्यावर तिन्ही कागद मला वेगळेच दिसायला लागले.

मग मी टेप घेऊन बसलो. वरच्या आठ फुटांत चिमणी बाहेरून साडेतीन फूट चौरस, आतून दोन फूट, म्हणजे भिंत नऊ इंची. बाहेरचं क्षेत्र सव्वाबारा चौरस फूट, आतली पोकळी चार, उरलं सव्वाआठ. गुणिले आठ फूट उंची, झालं ६६ घनफूट. गाऱ्यासकट एका घनफुटाला साधारण साडेतेरा विटा धरायची पद्धत आहे. म्हणजे नऊशेच्या आत. तूटफूट धरून हजार. पहिल्याच्या छापील कागदावर याच आठ फुटांना दोन हजार विटा! शिवाय शेवटच्या ओळीत 'इतर किरकोळ' म्हणून २२ हजार. फोन करून विचारलं, किरकोळ म्हणजे काय? म्हणाला, "साहेब, कामात निघतं काय काय." काय निघतं ते काही सांगता येईना. महाग असतं एवढंच, तरी मी घासाघीस केली असती. पण ज्यानं टेपच लावली नाही त्याच्या विटा मी का मोजायच्या?

४८ हजारवाल्यावर घरात मतभेद झाले. वडील म्हणत होते, यंदा एवढं करू, पुढच्या साली बघू. पण साधा सिमेंटचा गारा जाळाजवळ टिकत नाही. तीन-चारशे अंशांच्या पुढं तो ताकद सोडायला लागतो, आणि तापणं-निवणं रोज चालू असेल तर भेग पुन्हा तिथंच फुटते. आमच्या एका पाव्हण्यांनी नेमकं हेच करून घेतलं होतं. त्यांचा गिलावा संक्रांतीपर्यंत पापडासारखा सुटला. बाहेरून भेग झाकली जाते तेवढीच. स्वस्त एस्टिमेटमध्ये काय लिहिलेलं नाही ते वाचायचं असतं, आणि त्यात बुडात आतून लावायच्या अस्तराचा शब्दही नव्हता.

तिसऱ्याच्या वहीच्या पानावर अस्तर होतं. बुडातले सहा फूट आतून फायर ब्रिक (जाळ सोसणारी वीट), फायर क्लेच्या पातळ दर्जा, आणि जुनी भिंत व अस्तर यांत अर्धा इंच फट. ही फट मला आधी हलगर्जीपणा वाटली. पण तापल्यावर अस्तर फुगतं, त्याला जागा लागते, नाहीतर ते बाहेरच्या भिंतीला ढकलतं. बुडात आतून तीन फूट चौरस जागा. दोन्ही बाजूंचं अस्तर आणि फट वजा केली तरी २६ इंच उरतात, वरच्या तोंडापेक्षा दोन इंच जास्तच. म्हणजे धुराची वाट आवळली जात नव्हती. विटांचा हिशेब केला तर सव्वातीनशे, त्यानं लिहिल्या होत्या ३५०. पटलं.

भावाची खातरजमा करायला उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात हा एक फायदा आहे. फाउंड्र्यांच्या भट्ट्यांना फायर ब्रिक लागतेच, त्यामुळं माल आणि माहिती दोन्ही हाताशी. दोन दुकानांत विचारलं, मला ४५ रुपये नग सांगितला, त्याच्या पानावर ५२. गवंडी हजार रुपये हजेरी, बिगारी साडेसहाशे. दोन गवंडी, तीन बिगारी, दहा दिवस म्हणजे चाळीस हजारांना थोडे कमी. विटा, अस्तर, वाळू-सिमेंट-चुना, पराचीचं (चढायच्या मचाणाचं) भाडं, चिमणी आवळायचे लोखंडी पट्टे, डबर (पाडलेला राडारोडा) उचलणं सगळं मिळून माझी बेरीज ९५ हजार आली. त्यावर ठेकेदाराला पंधरा टक्के धरले तर १ लाख ९ हजार. त्याचा आकडा १ लाख १८. एवढा फरक माणूस मागतोच, त्यात लुबाडणूक नाही.

डबर आमच्या ट्रॉलीनं उचलायचं ठरलं, पाचाऐवजी तीन पट्टे घ्यायचे ठरले, आणि चार हजार निव्वळ चहावर सुटले. १ लाख ६ हजारांवर उक्तं, म्हणजे ठोक रकमेत, काम ठरलं. मी मात्र दोन गोष्टी लिहून घेतल्या. आठ फुटांच्या खाली आणखी उतरावं लागलं तर फुटाला साडेचार हजार, आणि दहा हजार रुपये महिनाभर आधणं निघाल्यावरच. दुसऱ्या अटीवर तो जरा फुगला. "इस्वास न्हाई व्हय मालक?" म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच तुम्हाला काम देतोय, चिमणीवर नाही.

पहिली अट चौथ्याच दिवशी उपयोगी पडली. वरचं उतरवल्यावर खालचे दोन फूट हातानं सुटायला लागले. इथंच एरवी भांडणं होतात, काम अर्धवट, पराची उभी आणि ठेकेदार मागेल तो भाव. आमच्याकडं दर ठरलेला होता. मी स्वतः वर चढून बघितलं, विटा खरंच मोकळ्या होत्या. नऊ हजार वाढले, एकूण १ लाख १५ हजार.

आता चूक माझी. अस्तर झाल्यावर पाच-सहा दिवस बारीक जाळ ठेवून ते वाळवायचं, हे पानावर लिहिलेलं होतं, तोंडी चारदा सांगितलंही होतं. पण ऊस तोडून पडलेला, गूळ करणारा गुळव्या येऊन बसलेला, पाडवा दारात. दोन दिवस बारीक जाळ ठेवला आणि तिसऱ्या दिवशी काहील चढवली. तिसऱ्या आठवड्यात अस्तराच्या कोपऱ्यात वीतभर भेग. ठेकेदार आला, बघून काहीच बोलला नाही, माझ्याकडं नुसता बघत राहिला. चुलवाण एक दिवस निववून भेग भरून दिली, जादा पैसे घेतले नाहीत. दहा हजार त्याच दिवशी दिले. ते अडकलेले नसते तर तो एवढ्या लवकर आला असता का, हे मी खात्रीनं सांगणार नाही.

हंगामाचा अनुभव असा. आधण पुन्हा अडीच-पावणेतीन तासांवर आलं. लाकूड एकदाही विकत आणलं नाही, उलट शेवटी चिपाडाची एक ट्रॉली उरली. चुलव्याचे डोळे चुरचुरायचे थांबले. रंगाचं श्रेय गुळव्या रस साफ करायला घातलेल्या भेंडीला आणि स्वतःच्या हाताला देतो, तिथं मी वाद घालत नाही. उदबत्ती महिन्याला फिरवतो, धूर सरळ जातो. गेल्या आठवड्यात ओळंबा सोडून बघितला, रेषेत आहे. खटकतात ते कमी केलेले दोन पट्टे. पाच हजारांसाठी केलेली ती काटकसर पावसाळ्यात वारा सुटला की आठवणार. मे महिन्यात, पराची स्वस्त मिळते तेव्हा, ते बसवून घेणार आहे, आणि याच माणसाकडून.

वीसेक फायर ब्रिक उरल्या होत्या. त्या परत देऊन पैसे घेऊ म्हणत होतो, तोवर आईनं परड्यातल्या पाणी तापवायच्या चुलीला लावूनही टाकल्या.