डॉसबॉक्स-एक्समधून छपाई: वर्डस्टारचं पान आजच्या लेझर प्रिंटरवर

वर्डस्टार या डॉसच्या काळातल्या लेखन-प्रोग्रामच्या जुन्या फाइली यूएसबी प्रिंटरवर काढायच्या, तर डॉसबॉक्स-एक्स, म्हणजे आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्राम चालवणारा एम्युलेटर, भरवशाचा. स्वस्त लेझर प्रिंटरला डॉसचा कच्चा मजकूर कळतच नाही. म्हणून यात एप्सनची ईएससी/पी ही प्रिंटरला हुकूम देणारी भाषा समजणारा नकली प्रिंटरच बसवलाय. ठळक, तिरकं, कंडेन्स्ड (अरुंद अक्षरं), सगळं नीट उमटतं.

कॉन्फिग फाइलीत पहिल्या पॅरलल पोर्टला 'प्रिंटर' द्या. विंडोजवर आउटपुटही 'प्रिंटर'. लिनक्सवर पोस्टस्क्रिप्ट फाइल घ्या. टाइमआउट, म्हणजे मजकूर थांबल्यावर किती वेळाने पान बाहेर टाकायचं ते, शून्य असेल, तर शेवटचं अर्धवट पान आतच अडकतं आणि शिव्या मात्र खऱ्या प्रिंटरला बसतात. ५००० मिलिसेकंद पुरतात.

खरी कटकट कागदाची. उंची इंचाच्या दहाव्या भागात लिहायची: ११० म्हणजे ११ इंच, इंचाला सहा ओळी धरून ६६ ओळी. एफोरसाठी ११७ केलीत, तरी वर्डस्टार ६६ ओळींचंच पान धरतो. फॉर्मफीड (पान बाहेर टाकण्याचा हुकूम) न पाठवता रिकाम्या ओळींनी पान भरलं, तर दुसऱ्या पानाचा मजकूर पहिल्याच्याच तळाशी सुरू होतो. तिसरं आठ ओळी सरकतं. फाइलीच्या सुरुवातीला, अगदी पहिल्या रकान्यात, '.पीएल ७०' ही पानाच्या लांबीची आज्ञा (रोमन अक्षरांत) लिहा. १२ इंची फॅनफोल्डसाठी (घड्यांच्या सलग कागदासाठी) बांधलेले फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामचे रिपोर्ट ७२ ओळींचे. तिथे उंची १२०, मग पीडीएफ करून छापताना 'फिट' (कागदात बसवा) निवडा.

मराठीचं काय? इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतीतली देवनागरी वरच्या १२८ कोडांत असते. तो मजकूर थेट पाठवलात तर पानभर चौकटींचे तुकडे आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं. इथे मात्र गुण कापावे लागतात.