पंप आमचाच, रंग नवा : ट्रॅक्टरच्या पॉवर स्टेअरिंगच्या नावाखाली झालेली लूट

उसाचा हंगाम ऐन भरात असताना माजलगाव भागातल्या एका गॅरेजवाल्यानं आमच्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगच्या नावाखाली साडेतेवीस हजार रुपये उकळले. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यानं काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण हंगामात ट्रॅक्टर उभा ठेवणं कुणालाच परवडत नाही आणि हे लोक नेमकी तीच नड ओळखतात.

दुखणं असं होतं. सकाळी स्टेअरिंग हलकं असायचं, तासाभरानं धक्के देत वळायला लागायचं. पंपातून कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि स्टेअरिंगच्या टाकीतल्या तेलावर फेस दिसायचा. मागं उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या आणि रस्ता कालव्याचा. अशा वेळी स्टेअरिंगनं दगा देणं म्हणजे जिवाशी गाठ. या स्टेअरिंगमध्ये चाकांपर्यंत जाणारा लोखंडी दांडा नसतो. पंप तेल ढकलतो, स्टेअरिंगखालचं ऑरबिट्रॉल (तेल मोजून सोडणारी झडप) ते सिलेंडरच्या एका बाजूला सोडतं आणि चाकं वळतात. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून तेलात हवा शिरली की धक्के बसतात.

गॅरेजवाल्यानं टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. स्टेअरिंग दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "मालक, पंप बसलाय अन् ऑरबिट्रॉल पण कामातून गेलंय. आजच टाका, नाहीतर ट्रॉल्यासकट कालव्यात जाताल." धाकट्या भावानं जुना पंप मागितला, तर "जुना माल कंपनीत जमा करावा लागतो" असं उत्तर मिळालं. पावती साध्या कागदावर, तिच्यावर फक्त "स्टेअरिंग काम" आणि रक्कम. पार्टचा नंबर नाही, जीएसटी नंबर नाही.

काही दिवस स्टेअरिंग लोण्यासारखं चाललं. इथंच माणूस फसतो. नवं तेल भरलं आणि हवा काढली की मूळ बिघाड तसाच असला तरी थोडे दिवस आराम पडतोच. पुढं पुन्हा तोच आवाज, तोच फेस.

मग पाथरीचे एक जुने मिस्त्री आले. इंजिन चालू ठेवून त्यांनी टाकीत बॅटरी मारली. "काका, पंप तर नवाच टाकलाय," असं मी म्हणालो, तर ते बोलले नाहीत. टाकीतून पंपाकडं येणाऱ्या सक्शन पाईपच्या जोडावर त्यांनी बोटभर ग्रीस लिंपलं आणि पंपाचं कण्हणं थांबलं. "हितून हवा ओढायलंय बघा." पाईप काढला तर क्लिपखाली तो चिरलेला. या बाजूला तेल बाहेर ढकललं जात नाही, आत ओढलं जातं. त्यामुळं चिरेतून तेल फारसं गळत नाही, हवा मात्र आत जाते. पाईपचा तुकडा आणि नवी क्लिप, खर्च काही शेकड्यांत. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन हळू ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आणि तेल भरत त्यांनी हवा काढली.

त्यानंतर त्यांनी "नव्या" पंपावरचा चंदेरी रंग पान्याच्या टोकानं खरवडला. खाली जुनं काळं ग्रीस. बोल्टांचे कोपरे घासून गोल झालेले. आणि कडेला एक खाच, मागं दगड लागून आमच्याच पंपाला पडलेली. आमचाच पंप रंगवून आम्हालाच विकला होता! ऑरबिट्रॉलला तर हातही लावलेला नव्हता, त्याच्या नटांवरची धूळ तशीच होती.

तुमच्याकडं असं झालं तर पैसे देण्याआधी टाकीतलं तेल बघा. कमी आहे का, फेसाळलंय का, की पाणी जाऊन दुधाळ झालंय? मग फिल्टर आणि सक्शनच्या क्लिपा. पुढच्या टायरांत हवा कमी असली किंवा किंगपिनचं (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचं) ग्रीस संपलं, तरी स्टेअरिंग जड होतं. स्टेअरिंग स्थिर धरूनही चाक हळूहळू सरकत असेल, तर सिलेंडरच्या सीलचा किंवा ऑरबिट्रॉलचा संशय खरा. दाबाच्या पाईपची गळती हातानं कधीच चाचपू नका, बारीक धार कातडीतून आत घुसते. पुठ्ठा धरून बघा.

काम द्यायच्या आधी पंपाचा नंबरासकट मोबाईलवर फोटो काढा, आणि जुना पार्ट तुमच्याच ताब्यात राहील हे आधीच ठरवून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. 1915 या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, फक्त 2 वर्षांच्या आत जावं लागतं. आम्ही खरवडलेल्या पंपाचे फोटो, ती कागदी पावती आणि मिस्त्रींचा लेखी जबाब जोडला आहे. चिरलेला पाईपही जपून ठेवला आहे.