नागपुरात किरायाचं घर, वरचा माळा: अकरा महिने राहून, आणि मुख्यतः कूलरच्या खिडकीबद्दल

करार संपत आला आणि घरमालक काकांचा निरोप आला की पुढच्या अकरा महिन्यांसाठी किराया 10 टक्के वाढेल, कारण "घरात आता कूलरची पूर्ण सोय आहे". सोय आहे हे खरंच. ती कुणी केली, कुणाच्या खिशातून केली आणि करू देताना काकांनी किती आढेवेढे घेतले, एवढं सोडून निरोपात सगळं होतं. तेव्हा मुंबई-पुण्याकडून बदलीवर नागपुरात येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते. खोल्या किती, ओटा कडप्प्याचा की ग्रॅनाइटचा, हे जाहिरातीत असतंच. जाहिरातीत नसतं ते सांगते.

घर त्रिमूर्तीनगरच्या बाजूला, जुन्या ले-आऊटमध्ये. टू बीएचके, वेगळा जिना, वेगळं मीटर, किराया 16,000, डिपॉझिट दोन महिन्यांचं. डोंबिवलीतले डिपॉझिटचे आकडे ऐकलेल्या माणसाचा इथे जीव भांड्यात पडतो. मनीषनगर-बेसा भागात नव्या इमारतींत फ्लॅट पुष्कळ मिळत होते, पण डोक्यावर दुसऱ्यांच्या खुर्च्या सरकताना ऐकत जन्म गेल्यामुळे मला स्वतंत्र घरच हवं होतं. इथे एजंट "स्वतंत्र" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा खाली मालक, वर किरायदार असाच मामला असतो. नवऱ्याचं ऑफिस मिहानला, म्हणजे खापरीजवळच्या औद्योगिक भागात. मेट्रो आहे, पण आमच्याकडून आधी सीताबर्डीला जा, तिथे गाडी बदला आणि मग उलटं खापरीकडे या. त्यापेक्षा स्कूटर बरी.

घरं बघताना मालक लोक एक प्रश्न हमखास विचारतात: नॉनव्हेज करता का? ज्या शहराचं सावजी मटण खायला लोक कुठून कुठून येतात, तिथे स्वतःच्या ओट्यावर अंडं फोडायला परवानगी लागते. असो. आमच्या काकांची त्याला हरकत नव्हती. त्यांची हरकत ग्रिलला हात लावायला होती.

घर पाहिलं ते जानेवारीच्या शेवटी. छान गार हवा, काकू गच्चीवर ऊन खात बसलेल्या. खिडक्यांना सरकत्या काचा, मच्छरजाळी, बाहेरून भिंतीत पक्कं बसवलेलं ग्रिल. सगळं नवंकोरं. कुणी नागपूरकर सोबत असता तर त्याने पहिल्या दोन मिनिटांत विचारलं असतं, कूलर कुठे बसते जी? कारण इथे कूलर घरात ठेवत नाहीत, खिडकीबाहेर बसवतात. पत्र्याचं मोठं धूड लोखंडी स्टँडवर, तोंड खोलीत, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या हवेत. जुन्या घरांत त्यासाठी ग्रिलचा एक तुकडा उघडणारा असतो, शेजारी प्लग पॉइंट असतो, हाताशी नळ असतो. आमच्या माळ्याचं काकांनी मध्यंतरी नूतनीकरण केलं आणि हे सगळं काढून टाकलं, कारण तेव्हा राहणाऱ्या किरायदाराकडे एसी होता.

मग आम्हीही एसी का नाही लावला? हिशेब सोपा आहे. दीड टनाचा एसी जोरात चालतो तेव्हा दीड किलोवॉटच्या आसपास वीज ओढतो. कूलरचा पंखा आणि पंप मिळून 200-250 वॉट. महावितरणचा दर 100, 300, 500 युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो आणि वरच्या पायरीवरचं युनिट चांगलंच झोंबतं. शिवाय बदलीची नोकरी. पुढचं पोस्टिंग कोल्हापूरला झालं तर त्या एसीचं मी काय लोणचं घालू?

मार्चमध्ये चाकांचा प्लास्टिकचा कूलर खोलीत ठेवून पाहिला. पहिली दहा मिनिटं बरं वाटलं. मग तीच ती हवा पुन्हा पुन्हा ओली होत राहिली, चादरी दमट, मीठ ओलं, अंग चिकट, आणि गारवा गायब. तो कूलर परत करताना दुकानदाराशी झालेल्या वादावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको.

मग काकांकडे ग्रिलचा विषय काढला. "ग्रिल नाही कापू देणार जी. चोऱ्या किती होऊन राह्यल्या, पाह्यता ना?" मी म्हटलं, काका, उघडणारा भाग करून आतून कुलूप लावू. त्यावर भिंतीचा रंग, त्यावर गंज, त्यावर आधीचा किरायदार किती शहाणा होता. शेवटी काकूच आतून म्हणाल्या, "अवो, लेकरू झोपते त्या खोलीत. नवतपा लागला म्हणजे काय करतीन ते?" प्रश्न मिटला. (नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस, साधारण 25 मेपासून. नागपुरात त्याची वाट वाघाची बघावी तशी बघतात.)

खर्च सांगते, कारण निरोपात नव्हता. पत्र्याचा कूलर 8,500. ग्रिलला बिजागरी-कुलपाचं दार 2,200. स्टँड 1,500. एक काच काढून तिथे भोक पाडलेलं प्लायवूड, सुताराच्या मजुरीसकट 1,100. पाण्याची लाइन आणि फ्लोट 900. बेरीज 14,200, म्हणजे महिन्याच्या किरायाला थोडंच कमी.

वायरिंगचं बिल यात धरलेलं नाही, ते काकांनी न मागता दिलं. हेही लिहायला हवं. झालं असं की इलेक्ट्रिशियनने कूलर लावला, पत्र्याला टेस्टर टेकवला आणि टेस्टर पेटला. खिडकीजवळच्या बोर्डात अर्थिंगचं भोक होतं, मागे तार जोडलेलीच नव्हती. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्या का येतात ते त्या लाल ठिपक्याने समजावलं. अर्थिंगची तार ओढली, मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. जाता जाता तो म्हणाला, "ताई, पाणी भरताना पिन काढायची. बटन बंद नाही, पिन." कूलर आता फ्लोटवर आपोआप भरतो, तरी टाकी धुताना मी पिनच काढते.

एवढं करूनही पहिल्या दिवशी खोली म्हणावी तशी गार होईना. मी दारं-खिडक्या घट्ट लावून बसले होते, एसीच्या सवयीने. काकू वर आल्या, काही न बोलता समोरची खिडकी वीतभर उघडली आणि साडीचा पदर ग्रिलपाशी धरला. पदर बाहेरच्या बाजूला फडफडला. "आता पाहा." कूलर बाहेरची कोरडी हवा बाजूंना भरलेल्या ओल्या गवतातून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, आणि ती आता ओली झालेली हवा खोलीतून पुढे गेलीच पाहिजे. म्हणजे येणारी खिडकी जेवढी महत्त्वाची तेवढीच जाणारी. मेच्या दुपारी इथे आर्द्रता कितीदा 20 टक्क्यांच्या खाली असते, म्हणून हे यंत्र इथे असं चालतं आणि डोंबिवलीत चालत नाही. बाहेर 44 असताना आमच्या खोलीतला थर्मामीटर 30-31 दाखवायचा. 44 मधले 13 अंश अडीचशे वॉटमध्ये जातात! मी दोन आठवडे भेटेल त्याला हेच सांगत होते.

गवताबद्दल. आधी खस (वाळा) घातली, वास सुंदर, किंमत जास्त. मग साधं गवत. आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक नळाची, एक बोअरची. प्लंबरने कूलर बोअरला जोडला. महिनाभरात गवतावर पांढरी खपली धरली, पंपाचं तोंड क्षारांनी बुजलं आणि एक बाजू कोरडी पडून तिथून सरळ लू आत यायला लागली. नळाच्या पाण्यावर घेतल्यावर त्रास संपला. मोठा कूलर दुपारी पाणी अक्षरशः पितो, तेव्हा पाण्याचं मीटर कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

आता मत बदललेली गोष्ट. एप्रिलभर मी बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दोष देत होते. हिरवी जाळी बांधली, जाड पडदे लावले, थोडा फरक पडला. पण रात्री अकराला स्वयंपाकघरातल्या पोटमाळ्यावरून पिठाचा डबा काढला तर डबा कोमट! तिथे पश्चिम कुठून आली? नागपूर 21 अंश अक्षांशावर आहे, मे संपता संपता भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. म्हणजे त्या दिवसांत खरा मार खातो तो स्लॅब, आणि स्लॅब ती उष्णता रात्रभर खाली सोडत बसतो. गच्चीला फेविकॉल घालून चुन्याचे दोन हात मारले. खर्च ग्रिलच्या दारापेक्षा कमी, आणि फरक रात्रीच कळला. त्यामुळे "पश्चिमेचं घर घेऊ नका" हा माझा एप्रिलचा सल्ला मी मागे घेते. वरचा माळा घेताना गच्ची बघा, पांढरी आहे का विचारा. तळमजला मिळाला तर भिंतीची दिशा हवी तेवढी बघत बसा.

माहेरची मंडळी मात्र अजून 56 अंशांवर अडकलेली आहेत. 2024 च्या मे अखेरीस नागपुरात 56 अंश नोंदल्याची बातमी देशभर फिरली होती. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडला होता असं सांगितलं, पण ती बातमी माझ्या आईपर्यंत पोचली नाही. इथला खरा विक्रम 23 मे 2013 चा, 47.9 अंश. तोही काही कमी नाही, पण 56 नव्हे.

जूनच्या मध्यापासून कूलरची रया गेली. पाऊस आला, हवा दमट झाली आणि 14,200 रुपयांचा पंखा उरला. दुकानात त्याला डेझर्ट कूलर म्हणतात ते बरोबरच आहे. नागपूर वाळवंट नाही, इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण एप्रिल-मेची हवा वाळवंटाची असते. जुलैत ती कोकणातली होते. त्या काळात टाकी कोरडी करून ठेवा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडा आम्ही साध्या पंख्यावर, कुरकुरत काढला. तेव्हा मला एसीवाल्या किरायदाराचं थोडंसं पटलं होतं. दिवाळीनंतर ते पटणं गेलं.

कराराचं दोन वाक्यांत. काका म्हणाले होते नोटरी करून टाकू, मी नोंदणीच करा म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: लेखी करार आणि त्याची नोंदणी बंधनकारक आहे, ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती नसली तर वादात अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे ऐकल्यावर काकाच उत्साहाने तयार झाले. या खेपेला मी बिलं घेऊन खाली गेले. काकांनी ती चष्मा लावून वाचली, प्लायवूडचं बिल दोनदा वाचलं, आणि "एवढा पैसा लागला का जी?" म्हणाले. वाढ 5 टक्क्यांवर आली. कूलर, स्टँड आणि प्लायवूड आमचं, ग्रिलचं दार घराचं, असं करारात लिहून घेतलं. माझ्या मते वाढ शून्य हवी होती. काकूंच्या पदराचे म्हणून 5 टक्के सोडले.

बाकी किरकोळ. गेटातून कार आत जात नाही, स्कूटर जाते. नळाला पाणी पुरेसं, दाबही ठीक. मात्र गच्चीवरची काळी टाकी मे महिन्यात संध्याकाळी भाजतं पाणी देते, मुलाच्या अंघोळीची बादली सकाळीच भरून ठेवायची. शेजार चांगला, अगोचरपणा मर्यादेत. चुना पावसात बराच धुऊन गेलाय, मार्चच्या आधी पुन्हा मारावा लागेल. काका म्हणाले, अर्धे पैसे मी देतो. मी म्हटलं, तेवढं एक वाक्य करारात घाला.