नॅशनल ज्यूकबॉक्स: कूलर बंद करूनच ऐका

नॅशनल ज्यूकबॉक्स ही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची जुनी गाणी ऐकवणारी मोफत ऑनलाइन सेवा, 2011 पासून सुरू आहे. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरची दहा हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं, बहुतेक 1901 ते 1925 मधली. तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वापरत नसत. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेणात कोरायची.

म्हणूनच सुरुवात रॅगटाइम (ठेका मुद्दाम पुढेमागे करणारं जुनं अमेरिकन संगीत) पियानोपासून करू नका. पियानो भोंग्यात नीट उतरत नसे, डब्यात कोंडल्यासारखा वाजतो. आधी वेस ऑसमनचा बँजो घ्या. एकेक टणत्कार वेगळा ऐकू येतो आणि ठेक्यातला हेलकावा लगेच कळतो. मग गायक बिली मरेची गाणी (उच्चार इतके टोकदार की शब्द हरवत नाहीत), आणि नंतर ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड या सुरुवातीच्या जॅझ वाद्यवृंदाचं 1917 चं मुद्रण.

इक्वलायझरवर (आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्या कमी-जास्त करणारी सोय) 5000 हर्ट्झच्या वरचं खाली ओढा: खरखर घटते, गाणं फारसं जात नाही, कारण तिथं मुळात काही नोंदलेलंच नाही. बेस वाढवला तर नुसती घरघर वाढते. नागपुरात मे महिन्यात कूलर ढणाणा चालू असताना लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणं व्यर्थ आहे. कान झाकणारे हेडफोन लावा.

ब्लूजसाठी (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं दुःखी सुरांचं संगीत) मात्र इथं फार शोधू नका, तो भाग तोकडा आहे. काही विनोदी गाण्यांत कृष्णवर्णीयांची उघड टिंगल आहे. मुलांना ऐकवण्याआधी स्वतः ऐका.