घोडीच्या पाठीसाठी हाताचा इलाज : आठ महिन्यांनंतर

आमची चांदणी वरातीची घोडी. काठेवाडी, वय अकरा. मागच्या लग्नसराईत खोगीर दिसलं की कान मागे टाकायची, डावीकडे वळायला अडायची, पाठीवर खरारा फिरवला की अंग चोरायची. आर्वीकडच्या आमच्या गावात सगळ्यांचं एकच, "नखरे करते." सात वर्षांत जिनं एका नवरदेवाला पाडलं नाही, ती आताच नखरे का करील?

औषधानं तेवढ्यापुरता फरक पडायचा. मग नागपूरच्या एका पशुवैद्य ताईंचं कळलं. साडेपाच वर्षांची पदवी घेतल्यावर त्यांनी परदेशात घोड्यांच्या ऑस्टिओपॅथीचं, म्हणजे हातानं स्नायू आणि सांधे मोकळे करण्याच्या विद्येचं, वेगळं शिक्षण घेतलं आहे. ही विद्या मुळात माणसांसाठीची. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरनं 1874 मध्ये मांडली, 1892 मध्ये शाळा काढली. जनावरांकडे ती नंतर आली.

पहिल्या दिवशी ताईंनी बराच वेळ घोडीला हातच लावला नाही. डांबरी रस्त्यावर चालवली, दुडकी धाववली, लहान गोलात फिरवली, मागे सरकवली. मग मानेपासून शेपटीपर्यंत बोटांनी तपासलं. छातीचे 18 मणके, कमरेचे 6, त्यामागे एकमेकांना जुळलेले 5, असं माझ्याच हातानं चाचपून दाखवलं. घोड्याला गळपट्टीचं हाडच नसतं, पुढचं धड दोन खांद्यांच्या मधे स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. उभ्या घोड्याचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यात खोगीर, नवरदेव, कडेवरचं पोरगं आणि डीजेपुढं दोन पायांवर नाच. कंबर धरणारच.

मी विचारलं, "मणका सरकला का, ताई?" त्या म्हणाल्या, "नाही दादा. घोड्याचा मणका हातानं बसवता येत नाही. आवळलेले स्नायू आणि अडकलेली हालचाल, तेवढ्यावर माझा हात चालतो." या उत्तरानंच माझा विश्वास बसला. हाडं कडकड वाजवून दाखवणारा एक जण मागं येऊन गेला होता. त्यानंतर चांदणी दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती.

जूनपासून पाच वेळा उपचार झाले. हात हलका असतो. पुढचा पाय उचलून खांदा सावकाश फिरवायचा, शेपटी धरून हळूच ताण द्यायचा, थांबायचं. घोडी मान खाली सोडते, जांभया देते. दुसऱ्या वेळेनंतर डावं वळण मोकळं झालं. पण श्रेय एकट्या हाताला देणं खोटं ठरेल. खोगिराखालचा नमदा एका बाजूनं दबला होता, तो बदलला. नालबंदाला दर सहा आठवड्यांनी बोलवायला लावलं, कारण खुराचा पुढचा भाग फार वाढलेला होता. दाढांची टोकं घासली. घरचा व्यायामही दिला: गाजराचा तुकडा दाखवून मान बरगडीपर्यंत वळवायची, वावरात आडव्या टाकलेल्या बल्ल्या ओलांडून चालवायचं. माझ्या मते निम्मा गुण या कामाचा.

मागच्या उजव्या पायाचा जुना सांधेदुखीचा त्रास गेला नाही. सकाळी पहिली दहा पावलं ती अजून आखडूनच टाकते. ताईंनी आधीच सांगितलं होतं की झिजलेला सांधा हातानं भरून येत नाही, आणि पोटशूळ उठला तर माझी वाट पाहू नका, जवळच्या डॉक्टरला बोलवा. या इलाजावरचं संशोधन अजून थोडंच आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

प्रत्येक वेळचा खर्च पेट्रोल धरून दोन हजारांच्या वर जातो. तीन महिन्यांतून एकदा पुरे, असं आता ठरलंय. तुम्ही कुणाला बोलवणार असाल तर आधी पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक विचारा. 1984 च्या कायद्यानं जनावरांवर इलाज करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. नुसत्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर घोडी त्याच्या हाती देऊ नका.

तुळशीच्या लग्नानंतर तीन वराती केल्या. दोन पायांवरचा नाच मी बंद केला, म्हणून दोन सुपाऱ्या परत गेल्या. घरच्यांनी थोडी कुरकुर केली, पण खोगीर घेऊन गेलो की चांदणी आता कान पुढे ठेवून उभी राहते.